बाबांचं पोट आणि मागची बाग

मी घरी बसून लोकांच्या लग्नाचे फोटो दुरुस्त करते. पनवेलमधला एक फोटोग्राफर मला फोटो पाठवतो. मी नवरीच्या हनुवटीवरचा फोड पुसते, मांडवातून लोंबणारी वायर काढते, पंगतीच्या मागे उभा असलेला पाण्याचा टँकर पुसून तिथे झाडं लावते आणि फोटो परत पाठवते. कुणाशी बोलावं लागत नाही. हे काम मी निवडलं ते त्यासाठीच. एखादी नवरी प्रत्यक्षात समोर आली तर मी बहुतेक चपला शोधायचं नाटक करीन, पण तिच्या दोन्ही भुवया मला पाठ असतात.

मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून खाली रो-हाउसमध्ये राहायला आलो. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की एक लांबट जमिनीचा तुकडा. त्यात बिल्डरने टाकून दिलेल्या विटा, कुणी न लावता आलेला एक शेवगा, कपडे धुवायचा दगड आणि शेजारच्या काकूंची दोरी. ही दोरी त्यांच्या खिडकीपासून निघून आमच्या शेवग्याला येऊन मिळायची. आम्ही यायच्या आधीपासून ती होती, त्यामुळे आम्हीच तिच्याकडे राहायला आलोय असं वाटायचं.

बाबा निवृत्त होऊन घरी बसले होते आणि त्यांना त्या जमिनीवर पेव्हर ब्लॉक घालायचे होते.

"चिखल नको, साप नको, पानं झाडायला नको," ते म्हणायचे. "पाइप मारला की झालं."

आईला बाग हवी होती. ती पनवेलजवळच्या नेऱ्याची. तिच्या माहेरी मागच्या दारी केळी होत्या, मोगरा होता, आणि अक्षय्य तृतीयेला आळी करून काकडी-पडवळाच्या बिया टोचायची पद्धत होती. लग्नानंतर सगळी वर्षं तिने गॅलरीतल्या डब्यांमध्ये काढली. पण आई मागत नाही. ती नुसती बघते. मागच्या दारात चहाचा कप घेऊन उभी राहते आणि विटांकडे असं बघते की विटांनाच अवघडायला व्हावं.

बाबांनी मुहूर्त काढला तोही नेमका अक्षय्य तृतीयेचा. चांगला दिवस आहे, त्या दिवशी टेम्पो येईल, संध्याकाळपर्यंत सगळं घट्ट बसेल. आई "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी त्या दिवशी फार मोठ्याने घासली गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"तुला ते फोटोतलं येतं ना? आपली बाग कशी दिसेल ते काढ की. बाबांना दाखव. मी तोंडाने सांगितलं तर त्यांना दिसत नाही."

बाबांशी बोलून त्यांचं मत बदलणं मलाही जमण्यासारखं नव्हतं. आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "हो" यांच्या पलीकडे क्वचित जातं. फोटो मात्र मी करू शकत होते.

मी मागच्या दारातून जमिनीचा फोटो काढला आणि आधी साफसफाई केली. विटांवरून माउस फिरवला, विटा गेल्या. आई म्हणाली, "असं रोज झालं तर!" मग भिंतीवरचा हिरवा ओघळ गेला, भिंतीपलीकडचा ट्रान्सफॉर्मर गेला. काकूंची दोरी पुसली तेव्हा आईने आवाज खाली आणला. "काकूंना विचारलंस?"

"आई, फोटोतली दोरी आहे."

"तरी पण. त्यावर त्यांचे गाऊन आहेत."

गाऊनसुद्धा पुसले.

मग झाडं. इथे माझी पंचाईत झाली. शाळा इंग्रजीत झाल्यामुळे डॅफोडिल कसं दिसतं ते मला माहीत आहे, पण सोनटक्का शेंगेला लागतो की वेलीला ते माहीत नव्हतं. आई नाव सांगायची आणि मी नेटवर शोधायची. "अनंत लाव," ती म्हणाली. मी अनंत शोधला तर टाय लावलेले बरेच पुरुष आले. आई वाकून एकेकाला नीट बघत होती. "यातला कुठला झाड आहे?"

एकदा फुलं सापडायला लागल्यावर मला वाटलं, आता काम पळेल. पण आई त्या फोटोत खरोखरची बाग करत होती.

"मोगरा तिथे नको. शेवग्याची सावली येते."

"फोटोत मरत नाही ते."

"मरणार नाही, पण फुलणार पण नाही."

मी मोगरा उन्हात आणला. मग मी कोपऱ्यात पिवळी शेवंती ठेवली. मला ती छान दिसली. आईने आधी मोगऱ्याकडे बोट केलं, मग शेवंतीकडे.

"मोगरा फुललाय ना? मग शेवंती कशी फुलेल? एक उन्हाळ्यातला, एक थंडीतली."

"बाबांना कळणार आहे का?"

"त्यांना नाही कळणार. पण मला कळतंय ना."

शेवंतीची फुलं मी एकेक करून खुडली, नुसती पानं ठेवली. लग्नाच्या अल्बममध्ये मी डिसेंबरच्या झाडावर आंबे लटकवलेत, कुणी हरकत घेतली नव्हती.

या सॉफ्टवेअरमध्ये लेयर असतात. म्हणजे प्रत्येक झाड वेगळ्या पारदर्शक कागदावर असल्यासारखं, आणि सगळे कागद एकावर एक. प्रत्येक लेयरच्या बाजूला एक छोटा डोळा असतो. डोळा मिटवला की ते झाड दिसेनासं होतं, उघडला की परत येतं. विटा आणि दोरीही मी अशाच वेगळ्या कागदांखाली झाकल्या होत्या. आईला हे लगेच कळलं. दोन दिवसांत ती भाजी चिरता चिरता आतून सांगू लागली, "अबोलीचा लेयर जरा पुढे घे गं, केळीमागे गुदमरतेय."

फोटो तयार झाल्यावर आईने बाबांना बोलावलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली. बाबांनी चष्मा लावला, लॅपटॉपसमोर बसले आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"सकाळचा फोटो आहे ना हा? मग सूर्य पश्चिमेला, खारघरकडून उगवतोय का?"

सावल्या उलट्या पडल्या होत्या. लग्नाच्या फोटोंत लाइट मी म्हणेन तिथून येतो, त्यामुळे दिशेकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी सावल्या फिरवल्या.

"आणि हा मोगरा आहे का वड? किती मोठा आहे काही कळत नाही. शेजारी एखादा माणूस ठेव. मापाला."

माझ्याकडे कापून ठेवलेली माणसं भरपूर असतात, पण सगळी लग्नातली. मी हाताला लागला तो पहिला माणूस उचलला आणि केळीजवळ ठेवला. गुलाबी फेटा, जरीचा कुर्ता, गळ्यात हार. एक हात पुढे केलेला, "या, या" म्हणत असल्यासारखा. दुसरा हात बरोबर केळीच्या खांद्यावर आला.

बाबा पुढे वाकले. "हा कोण?"

"कुणाचातरी मामा आहे."

"नवऱ्याचा का नवरीचा?"

"नवरीचा."

"मग आपल्या बागेत काय करतोय?"

आतला मिक्सर थांबला. बाबांच्या ते लक्षात आलं नाही. ते मामाकडे डोळे बारीक करून बघत होते.

"हात बघ कसा ठेवलाय. जसं काय यानेच लावलीये केळ. काढ त्याला. मला ठेव तिथे." मग एकदम आठवल्यासारखं, जरा मोठ्याने, आतपर्यंत ऐकू जाईल असं ते म्हणाले, "फक्त मापासाठी! पेव्हर येणारच आहेत."

मिक्सर पुन्हा सुरू झाला.

मापासाठी उभं राहायला बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. केस ओले करून विंचरले. हातात पाइप धरला आणि विटांच्या ढिगाजवळ उभं राहून हनुवटी वर केली. मी फोटो काढला, बाबांना कापून केळीशेजारी ठेवलं आणि त्यांना दाखवलं.

त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. मग म्हणाले, "एवढं नाहीये ते."

"काय?"

"पोट. लाइटमुळे वाटतंय."

मी फोटो मोठा करून पोट नीट पाहिलं.

"नवऱ्यामुलांचं काढतेस ना तू? मग?"

मी वेगळा लेयर करून पोट थोडं आत घेतलं. "अजून," बाबा म्हणाले. अजून घेतलं. "बटणं सरळ रेषेत आण. हां. आता कसं, माणूस वाटतो." मग त्यांनी तो फोटो स्वतःच्या फोनवर मागून घेतला.

रात्रीच्या जेवणाच्या आधीच त्यांनी तो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी तो स्वतःचा फोटो म्हणून टाकला होता, हे मला आणि आईला कळत होतं. दर थोड्या वेळाने ते फोन उघडून बघत होते.

उत्तरं भराभर आली. बाग झकास. केळी कुठून आणल्या? मोगऱ्याला खत कुठलं घालता? नेऱ्याच्या मामाने आठ-दहा गुलाब पाठवले. बाबांबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. मग गव्हाणहून आत्याचा आवाज आला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आणि तिचा निरोप ऐकायला फोन कानाला लावावा लागत नाही.

"दादा! एवरी बाग केलीस नि बयनीला सांगलास नाय? नि बारीक झालास रं! बागंत राबतंस म्हनून. आमी येतो सनाला बघाया. माझ्या परसातली रोपा घेऊन येते, जागा ठेव."

सण म्हणजे अक्षय्य तृतीया.

"सांगा ना तिला," आई म्हणाली. "बाग फोटोतली आहे म्हणून."

बाबांनी टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं. परत पुसलं.

"बाग खोटी आहे म्हटलं तर ती विचारेल, मग तू कुठे उभा आहेस?" ते म्हणाले. "मग तिला वाटेल सगळंच खोटं आहे."

"सगळंच कुठे? शर्ट खरा आहे," आई म्हणाली.

बाबांनी उपाय शोधून काढला. टेम्पो सकाळी लवकर येणार. आत्या जेवणाच्या वेळेला येणार, कारण ती कधीच त्याच्या आधी येत नाही. तोपर्यंत अर्धे ब्लॉक बसलेले असतील. मग तिला सांगायचं, होती बाग, पण साप निघाला म्हणून काढली. आईने ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी ती पुन्हा मागच्या दारात उभी राहिली. चहाचा कप नव्हता, नुसतीच उभी राहिली. ब्लॉक एकदा बसले की बसले, हे तिला माहीत होतं आणि मलाही. मला काहीतरी म्हणायचं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि कुणाच्यातरी वरातीतला ट्रॅफिक पुसत बसले.

अक्षय्य तृतीयेला टेम्पो उशिरा आला आणि आत्या लवकर आली. दोघंही एकाच वेळी गल्लीच्या तोंडाशी पोहोचले. आत्याच्या मुलाची गाडी गल्लीपेक्षा थोडीच लहान आहे. मुलगा हॉर्न वाजवत होता, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि आत्या मधेच गाडीतून उतरून अंगावरच्या सगळ्या सोन्यासकट चालत आली. मागच्या सीटवर केळीचे कोंब होते, त्यांना सीटबेल्ट लावलेला होता.

बाबा गेटात उभे होते. आत्याने त्यांना वरपासून बघायला सुरुवात केली आणि मध्यावर थांबली.

"फोटूत बारीक व्हतास."

"सणाचं जेवण झालं," बाबा म्हणाले.

"सकाली? बरं, बाग दाखव."

ती थेट मागच्या दाराने बाहेर गेली. आम्ही तिच्या मागोमाग गेलो. विटा, दगड, शेवगा, दोरी, दोरीवर काकूंचे गाऊन.

"कुठं हाय?"

"काढली," बाबा म्हणाले. "साप निघाला."

तेवढ्यात टेम्पोवाला घरातून चालत मागे आला. "साहेब, ब्लॉक कुठे उतरवू?"

आत्याने टेम्पोवाल्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"एवऱ्या केली काढल्यास? मोगरा काढलास? नि आजच्या दिसाला लाद्या घालतंस? आज लावायचा दिस हाय का उपटायचा?" ती आईकडे वळली. "वैनी, नि तू गप रायलीस?"

आई आमच्याशी नेहमी शहरातलं मराठी बोलते. आत्या समोर आली की ते कुठेतरी निघून जातं.

"मी काय बोलू?" आई म्हणाली. "त्यांचीच बाग ती. त्यांनीच लावली, त्यांनीच काढली. मना तं मोगऱ्याचा वास बी नाय आला कदी."

बाबांचे कान लाल झाले. आईचा प्रत्येक शब्द खरा होता.

आत्या माझ्याकडे आली. तिच्या बांगड्या माझ्या हनुवटीखाली वाजल्या. "तू सांग गो. साप कवा निघाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. टेम्पोवालासुद्धा. काकूही खिडकीत आल्या होत्या. मी आत गेले, लॅपटॉप आणला, धुण्याच्या दगडावर ठेवला आणि फोटो उघडला. मग मोगऱ्याचा डोळा मिटवला.

मोगरा गेला.

"अगो बाय!" आत्या म्हणाली.

मी अबोली मिटवली, अनंत मिटवला, फुलं नसलेली शेवंती मिटवली. सोनटक्का गेला. केळी एकेक करून गेल्या. भिंतीवर हिरवा ओघळ परत आला, विटा परत आल्या, ट्रान्सफॉर्मर परत आला. दोरी परत आली तेव्हा काकू खिडकीतून म्हणाल्या, "माझे गाऊन का काढले होते?" शेवटी विटांच्या ढिगाजवळ बाबा एकटे उरले. हातात कोरडा पाइप, हनुवटी वर, बटणं सरळ रेषेत.

मी थांबले.

"झालं," बाबा घाईने म्हणाले. "बस. कळलं तिला."

टेम्पोवाला वाकून बघत होता. "साहेब, अजून एक डोळा उघडा आहे."

"दाब," आत्या म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. मी दाबलं.

पोट आलं.

आत्या हसायला लागली ती उभी राहू शकेना. ती विटांवर बसली, पदर तोंडाला लावला, पदरातूनही हसू बाहेर येत होतं. काकू हसल्या. टेम्पोवाल्याने आधी स्वतःचं पोट आत घेतलं आणि मग तो हसला. आई हसली नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मग बाबांच्या गालावरही काहीतरी हललं, आणि त्यांनी ते खोकल्यात बसवलं.

"ते आत घ्यायला अर्धा दिवस लागला होता हिला," बाबा म्हणाले. त्यात थोडा अभिमान होता.

आत्याने डोळे पुसले. "मंग बाग खरी करायची का परत काढायची? माझी केल गारीत उकडतेय."

टेम्पोवाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला थांबला होता. आई भिंतीकडून वळली आणि पहिल्यांदाच बाबांकडे बघायला लागली. विटांकडे बघते तशीच.

बाबा थोडा वेळ टिकले.

"गेटापासून पुढच्या दारापर्यंत टाक," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "उरलेले परत ने. मागे नको. मागे आमची बाग आहे."

"कुठे आहे?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"होतेय!" बाबा ओरडले.

आई आत जाऊन कुदळ घेऊन आली. ती नवी होती आणि तिच्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. ती घरात कधी आली, हे मला किंवा बाबांना माहीत नव्हतं, आणि आम्ही विचारलं नाही. आत्याने साडी वर खोचली, मुलाला कोंब उतरवायला लावलं. ऐन वैशाखात केळ लावायची का, यावर दोघींचं थोडं वाजलं. आई म्हणाली, पावसापर्यंत थांबू. आत्या म्हणाली, "पावसापरत दादाचं डोकं फिरलं तं? आजच लाव. पानी घाल नि सावली कर." आईने कुदळ उचलली.

बाबांना मात्र सगळं फोटोप्रमाणे हवं होतं. मी पुन्हा सगळे डोळे उघडले, पण उन्हात स्क्रीनवर काही दिसेना. मग ते लॅपटॉप मांडीवर घेऊन दगडावर बसले आणि डोक्यावरून चादर ओढून घेतली. चादरीतून आवाज येत होता. "पहिली केळ कोपऱ्यात! कोपऱ्यात म्हटलं ना! दुसरी तिच्या उजवीकडे!"

"कुनाच्या उजवीकरं?" आत्या विचारत होती आणि तिला वाटेल तिथे खड्डा करत होती.

आईने पहिला कोंब खड्ड्यात उभा केला, माती लोटली, पायाने दाबली आणि बादलीभर पाणी ओतलं. मग हात कमरेवर ठेवून मागे झाली. "बघा हो, लागली. बरोबर आहे का?"

चादरीचा एक कोपरा वर झाला. बाबांनी केळीकडे पाहिलं, मग आत स्क्रीनकडे, मग पुन्हा केळीकडे.

"थोडी डावीकडे सरकव," ते म्हणाले.